बेटाचा जुना नकाशा हाती आल्यावर: उलगडण्यापासून आजच्या किनाऱ्याशी जुळवण्यापर्यंत

एखाद्या बेटाचा, तिथल्या वस्तीचा, धक्क्याचा, विहिरींचा जुना नकाशा पेटीतून किंवा लिलावातून हाती येतो आणि आधीच्या शंभर वर्षांत झालं नाही एवढं नुकसान पुढच्या तासाभरात होतं. सुरळी जोर लावून उघडली जाते. धूळ ओल्या फडक्याने पुसली जाते. फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लागते, आणि टिकावा म्हणून लॅमिनेशनही होतं. हे सगळं झाल्यावर विचारणा सुरू होते: हा कुठल्या सालचा, अस्सल आहे का, यातली वाडी आज कुठे आहे? ज्या खुणांवरून याची उत्तरं मिळाली असती, त्यातल्या बऱ्याचशा तोवर गेलेल्या असतात.

यात कुणाचाच हेतू वाईट नसतो, क्रम तेवढा चुकतो. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. घाई असेल तर एखादा टप्पा दोन दिवसांनी करा, पण वरचा टप्पा सोडून खालच्यावर जाऊ नका.

सुरू करण्याआधीची मांडामांड

टेबल कोरडं आणि स्वच्छ हवं, नकाशापेक्षा चारी बाजूंनी वीतभर तरी मोठं. त्यावर आम्लविरहित कागद अंथरा. तो नसेल तर नवा कोरा पांढरा कागद चालेल. दहापट मोठं दाखवणारं भिंग, कापडी मोजपट्टी, टॉर्च, मऊ पेन्सिल, रुंद मऊ केसांचा कुंचला आणि कापडी पिशव्यांत गच्च शिवलेली छोटी वजनं जवळ ठेवा. पेन त्या टेबलाच्या आसपासही नको. चहा-पाणी दुसऱ्या खोलीत.

हातमोज्यांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. सुती मोजे घातले की बोटांना कागदाची कड कळत नाही, मोज्याचा धागा फाटक्या कडेत अडकतो आणि फाट वाढते. साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केलेले हात जास्त सुरक्षित. याला दोन अपवाद आहेत. कागदावर बुरशी असेल, किंवा गडद हिरवा रंग भुकटीसारखा सुटत असेल, तर नायट्राइलचे मोजे घाला. एकोणिसाव्या शतकातल्या काही हिरव्या रंगांत आर्सेनिक असतं.

१. उघडण्याआधीची नोंद

नकाशा ज्या नळीत, पेटीत किंवा कापडात आला, तीही पुराव्याचा भाग आहे. नळीवरची चिठ्ठी, बांधलेली सुतळी, बाहेरच्या बाजूला शाईने लिहिलेला आकडा, आत पडलेला एखादा कागदाचा कपटा, सगळ्याचे फोटो घ्या आणि काहीही फेकू नका. एका सुरळीत अनेक नकाशे असतील तर कोणता कोणाच्या आत होता हे लिहून ठेवा. संचातला क्रम एकदा मोडला की परत लावता येत नाही.

नकाशा कुणाकडून आला, त्याच्या आधी कुणाकडे होता, कुठल्या घरातून निघाला हे त्याच दिवशी लिहा. देणारी व्यक्ती समोर असताना हे विचारायला दोन मिनिटं पुरतात. नंतर नकाशाची मालकी सिद्ध करायची वेळ आली तर याच ओळी कामी येतात.

तपासणी: वास घ्या. कुबट वास आणि राखाडी, हिरवट किंवा काळे केसाळ ठिपके दिसले तर बुरशी जिवंत असू शकते. कागदाच्या पाकिटात किंवा खोक्यात घालून नकाशा इतर कागदांपासून वेगळा ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी वाढते. बुरशी कोरडी होऊन तज्ज्ञाने पाहेपर्यंत पुढचा टप्पा नाही.

२. सुरळी उलगडणं

बाहेरून आणलेली सुरळी लगेच उघडू नका. ज्या खोलीत काम करायचं, तिथे ती एक-दोन दिवस तशीच राहू द्या. खोलीतली आर्द्रता आणि कागदातली आर्द्रता जुळली की कागदाचा ताठरपणा बराच उतरतो.

मग मोकळी कड टेबलावर ठेवून तिच्यावर वजन ठेवा आणि सुरळी हळूहळू पुढे सरकवा. दर वीतभर अंतरावर थांबून कडा पाहा. कागद परत वळायला बघतोय पण कुरकुरत नाही, तर पुढे जा. बारीक कुरकुर ऐकू आली, किंवा घडीच्या रेषेवर पांढरट चीर दिसली, तर तिथेच थांबा आणि सुरळी परत सैल सोडा.

सावधान: वाफ, ओलं कापड, इस्त्री यांतलं काहीही नको. जुन्या हाताने भरलेल्या रंगांपैकी कित्येक पाण्यात विरघळतात आणि लोहयुक्त काळी शाई ओलाव्याने पसरते. आर्द्रतेच्या बंद पेटीत ठेवून कागद सैल करण्याची पद्धत आहे, पण ते काम कागदसंवर्धन शिकलेल्या माणसाचं.

घडीचा नकाशा असेल तर तो उघडल्यावर पुन्हा त्याच घड्या घालू नका. मागे कापड चिकटवलेलं असेल तर ते सोलू नका. वापरातल्या नकाशांना असं कापड मुद्दाम लावलं जाई, आणि खळ सुकून कडक झालेली असेल तर कापडाबरोबर कागदाचा थरही निघून येतो. जुन्या चिकटपट्ट्याही आहेत तशाच राहू द्या.

३. आहे त्या अवस्थेतले फोटो

साफसफाईच्या आधी फोटो घ्या. पुढची बाजू, मागची बाजू, चारही कोपरे, प्रत्येक फाट, प्रत्येक डाग. मोबाइलचा कॅमेरा पुरे, फक्त शेजारी मोजपट्टी ठेवा.

त्यानंतर दोन खास फोटो. खोली अंधारी करून टॉर्च टेबलाच्या पातळीवर, कागदाला जवळजवळ समांतर धरा. दाबाच्या खुणा, खोडलेलं लिखाण, कंपासच्या टोकाने पडलेली भोकं अशा तिरप्या उजेडात उठून दिसतात. दुसरा फोटो मागून उजेड देऊन घ्यायचा. त्यासाठी गरम न होणारा एलईडीचा पातळ फलक वापरा. कागदातलं जलचिन्ह (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली, उजेडासमोर दिसणारी खूण) आणि जुनी ठिगळं त्यात दिसतात.

आता साफसफाई, आणि तीही फक्त कोरड्या कुंचल्याने, मधून कडेकडे, अलगद. खोडरबर वापरू नका. याचं कारण नीट समजून घ्या. समुद्री नकाशावरच्या फिकट पेन्सिलच्या रेषा बहुतेक वेळा घाण म्हणून पुसल्या जातात. पण ती एखाद्या खलाशाने दोन खुणांवरून दिशा घेऊन आखलेली स्वतःच्या जहाजाची जागा असू शकते. शेजारी बारीक आकड्यात वेळ लिहिलेली सापडते, क्वचित नांगराची खूणही. छापलेला नकाशा शेकडो प्रतींत असेल, ती पेन्सिलची रेघ मात्र याच प्रतीवर आहे.

४. छाप कसली, कागद कसला

आता भिंग हातात घ्या आणि बेटाचा आकार न पाहता फक्त रेघ पाहा.

रेघ बारीक तांबड्या-निळ्या-पिवळ्या-काळ्या ठिपक्यांच्या जाळीने बनलेली दिसली, तर ती नंतरच्या काळातली छापील प्रत आहे. ठिपक्यांच्या जाळीची छपाई १८८० च्या दशकापासून रुळली. सतराव्या शतकाचं साल छापलेला नकाशा ठिपक्यांचा असेल तर तिथेच थांबता येतं.

तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या नकाशात शाई कागदावर किंचित उचललेली असते आणि रेघेची टोकं निमुळती होत जातात. चित्राच्या भोवती, समासात, पत्र्याच्या कडेने उमटलेली आयताकृती दाबखूण असते. मागून बोट हलकेच फिरवलं तरी ती जाणवते. शिळाप्रेसवरच्या, म्हणजे सपाट दगडावर रेखाटून घेतलेल्या छापात ही दाबखूण नसते, शाई सपाट बसते. शिळाछापाचं तंत्र १७९६ ते १७९८ च्या सुमारास आलोइस सेनेफेल्डरने शोधलं आणि नकाशांसाठी ते एकोणिसाव्या शतकात पसरलं. त्यामुळे शिळाछापावर सोळाशेचं साल असेल, तर समोर आहे ती मूळ नकाशावरून पुढे काढलेली प्रत. तीही मोलाची असू शकते, पण तिचा काळ वेगळा.

समास कापलेला असेल तर दाबखूणही गेलेली असते. चौकटीत बसावा म्हणून समास कापणं हा या कामातला सगळ्यात महागडा अपराध आहे.

आता कागद. मागून उजेड दिल्यावर सुमारे अडीच सेंटिमीटर अंतरावर ठळक रेषा आणि त्यांना काटकोनात दाट बारीक रेषा दिसल्या, तर कागद तारांच्या साच्यात हाताने बनवलेला आहे. रेषा नसलेला एकसारखा कागद युरोपात १७५७ च्या सुमारास छपाईत आला आणि १८०० नंतर सर्रास झाला. पिवळा पडून कडेने तुकडे पडणारा, लाकडाच्या लगद्याचा कागद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. उलटं मात्र सिद्ध होत नाही, कारण रेषांचा कागद आजही बनतो.

रंगासाठी मागची बाजू पाहा. तांब्यापासून केलेला जुना हिरवा रंग कागद खातो. जिथे पुढे हिरवा पट्टा, तिथे मागे तपकिरी सावली उमटते आणि पुढे-पुढे तिथेच चीर पडते. समोर ताजा टवटवीत हिरवा आणि मागे कोरा स्वच्छ कागद असेल, तर रंग बहुधा नंतर भरलेला आहे.

तपासणी: मधोमध उभी घडी, मागे छापील मजकूर किंवा घडीवर चिकटवलेली कागदाची पट्टी दिसते का? असेल तर हा पुस्तकातून सुटलेला किंवा कापलेला पान-नकाशा आहे. बेटांचे छोटे नकाशे मोठ्या संख्येने असेच येतात. म्हणून "दुर्मीळ" म्हणण्याआधी तेच पान इतर प्रतींत किती टिकलंय ते पाहावं लागतं.

५. साल ठरवणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण लोक छापलेलं साल वाचून मोकळे होतात. ते साल बहुतेकदा पत्रा पहिल्यांदा कोरला गेला त्याचं असतं. त्याच पत्र्यावर दुरुस्त्या करत पुढची कित्येक दशकं प्रती निघत. शेवटी हाती येतो तो कालखंड: अमुक सालाच्या आधी नाही आणि तमुक सालाच्या नंतर नाही. दोन्ही टोकं वेगवेगळ्या पुराव्यांनी आत आत आणायची.

आधीची मर्यादा देणाऱ्या खुणा. जलचिन्हातलं साल ही सगळ्यात सोपी. १७९४ पासून इंग्लिश कागदात गिरणीच्या नावाबरोबर साल टाकण्याची पद्धत पडली. जलचिन्हात १८०९ असेल तर छपाई १८०९ च्या आधीची नाही. दहा वर्षांनंतरची असू शकते. नकाशावर दाखवलेला दीपस्तंभ, बंधारा, तार-कचेरी यांची बांधणीची सालं शोधली की मर्यादा आणखी पुढे सरकते.

ब्रिटिश नौदलाच्या जलसर्वेक्षण खात्याच्या नकाशांत खालचा समास वाचायला शिका. मधोमध प्रकाशनाची मूळ तारीख, तिच्या उजवीकडे मोठ्या दुरुस्त्या किंवा नवी आवृत्ती, डाव्या खालच्या कोपऱ्यात छोट्या दुरुस्त्यांच्या तारखा आणि उजव्या कोपऱ्यात नकाशाचा क्रमांक. तुमच्या प्रतीचं खरं वय डाव्या कोपऱ्यातली शेवटची तारीख सांगते.

रेखांश कुठून मोजलेत तेही पाहा. ग्रिनिच हे सर्वमान्य मूळ रेखावृत्त १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ठरलं, आणि फ्रान्सने ते १९११ मध्ये स्वीकारलं. त्याआधी पॅरिस आणि फेरो (कॅनरी बेटांतलं एल इएरो) ही रेखावृत्तं मोठ्या प्रमाणावर वापरात होती. पॅरिस ग्रिनिचच्या पूर्वेला २ अंश २० मिनिटं. फेरो पॅरिसच्या पश्चिमेला २० अंश धरलं जाई, म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेला साधारण १७ अंश ४० मिनिटं. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे "नकाशातलं बेट जागेवरच नाही" असा निष्कर्ष काढणारे दर वेळी भेटतात.

दिशाचक्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन दिलेला असतो. हा कोन काळाप्रमाणे बदलतो. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या संकेतस्थळावर १५९० पासूनच्या चुंबकीय अपक्रमाचा ऐतिहासिक नकाशा आहे. बेटाच्या जागेसाठी तो कोन कुठल्या दशकात होता ते तिथे पाहता येतं. फक्त यावरून साल ठोकून देऊ नका. नकाशा काढणाऱ्याने कोन जुन्या नकाशावरून उचललेला असू शकतो.

अशी उचलेगिरी नकाशाशास्त्रात जागोजागी आहे. न्यू कॅलेडोनियाजवळचं सँडी नावाचं बेट शंभराहून जास्त वर्षं एका नकाशावरून दुसऱ्यावर उतरत राहिलं. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधन नौका तिथे पोहोचली तेव्हा खाली फक्त खोल पाणी होतं. म्हणून दोन नकाशे एकच गोष्ट सांगत असतील, तर ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का हे आधी पाहायचं.

तपासणी: तुमच्या नकाशाची दुसरी प्रत शोधा. डेव्हिड रमसी संग्रह, अमेरिकेचं लायब्ररी ऑफ काँग्रेस, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका, स्कॉटलंडचं राष्ट्रीय ग्रंथालय, यांचे नकाशे ऑनलाइन मोठे करून पाहता येतात. दोन्ही प्रती शेजारी ठेवून फरक शोधा: एखादं नाव जास्त, एखादा खडक कमी, प्रकाशकाचा पत्ता बदललेला. या फरकांवरून पत्र्याची कोणती अवस्था तुमच्याकडे आहे हे ठरतं.

६. बेट वाचणं

पहिला प्रश्न: हा नकाशा कुणी, कशासाठी काढला? गलबतं सुखरूप आणण्यासाठी काढलेल्या नकाशात बेटाच्या कडेने खोलीचे आकडे दाटीने असतात आणि आत वस्तीच्या जागी एखाद-दुसरा मनोरा, कारण समुद्रातून तेवढाच दिसतो. महसुलासाठी काढलेल्यात शेतांचे तुकडे असतात आणि समुद्र कोरा. किल्ल्याच्या नकाशात तोफांचा पल्ला असतो, कोळ्यांची घरं नसतात. नकाशात मोकळी दिसणारी जागा खरंच मोकळी होती असं समजून त्यावर इतिहास लिहिणं ही गंभीर चूक आहे. तिथे माणसं राहत असतील आणि नकाशा काढणाऱ्याला त्यांच्याशी कर्तव्य नसेल.

मग मापं. इंग्लिश वाव सहा फुटांचा, म्हणजे १.८३ मीटर. फ्रेंच वाव तिथल्या जुन्या पाच फुटांचा, सुमारे १.६२ मीटर. आकडे कशात आहेत हे शीर्षकाखालच्या बारीक ओळीत सापडतं. ती न वाचता "खाडी गाळाने भरली" असं ठरवू नका. आकडे कुठल्या पाणपातळीपासून मोजले तेही तिथेच असतं, बहुतेकदा उधाणाच्या ओहोटीपासून.

आकड्यांच्या आसपासच्या खुणाही वाचाव्या लागतात. खाली रेघ ओढलेला आकडा ओहोटीत उघड्या पडणाऱ्या जागेची उंची सांगतो. आकड्याच्या डोक्यावर रेघ आणि तिच्यावर टिंब असेल, तर एवढी दोरी सोडूनही तळ लागला नाही. शेजारची एखाद-दुसरी अक्षरं तळ कसला ते सांगतात: वाळू, चिखल, शिंपले, खडक. अधिकचं चिन्ह पाण्याखालचा खडक दाखवतं. प्रत्येक देशाच्या आणि काळाच्या नकाशांत खुणा थोड्या बदलतात, तेव्हा त्याच खात्याचा त्याच काळातला खुणांचा तक्ता मिळाला तर तोच प्रमाण माना.

अंतर मोजायला प्रमाणपट्टी नसेल तर उभ्या कडेवरचे अक्षांश वापरा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. आडव्या कडेवरच्या रेखांशावरून अंतर मोजू नका. विषुववृत्तापासून दूर जाऊ तसं ते माप आखडत जातं.

किनाऱ्याची रेघ साधारणपणे भरतीच्या पाण्याची असते. पुळण, खाजण, ओहोटीत उघडे पडणारे पट्टे ठिपक्यांनी किंवा तुटक रेघेने दाखवलेले असतात. वस्तीचा जीव बहुतेकदा याच पट्ट्यात असतो. होड्या ओढायच्या जागा, मासे धरायचे दगडी बांध, मिठागरं, कालवं काढायचे खडक. इथे भिंग लावून वेळ द्या. विहिरीपासून धक्क्यापर्यंत जाणारी एक तुटक पायवाट दिसली, तर गलबतं इथे पाणी भरायला थांबत असतील, असा तर्क करून तो इतर कागदांत तपासायला घेता येतो.

नावं आहेत तशी उतरवा. वेगळ्या वहीत तीन रकाने करा: नकाशावरचं अक्षरशः स्पेलिंग, तुम्हाला वाटणारा उच्चार, आणि आजचं नाव. तिसरा रकाना खात्री नसेल तिथे रिकामा ठेवा.

७. मालकीचा माग

विकत घेण्याआधी किंवा विकण्याआधी हा टप्पा. मागे ग्रंथालयाचा शिक्का, खोडलेला शिक्का, खरवडलेली जागा, एका बाजूला धारदार पात्याने कापलेली सरळ कड, यांतलं काही दिसलं तर व्यवहार थांबवा. २००५ मध्ये येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात फोर्ब्स स्मायली हा नकाशांचा व्यापारी पकडला गेला तो जमिनीवर पडलेल्या एका पात्यामुळे. पुढे त्याने ९७ नकाशे चोरल्याचं कबूल केलं. असे नकाशे चांगल्या नावाच्या संग्राहकांच्या हातांतून फिरलेले असतात. अनेक देशांत जुन्या वस्तू बाहेर नेण्यावर कायद्याने बंदी किंवा परवान्याची अट आहे. नकाशा आज जिथे आहे तिथला नियम आधी पाहा.

८. प्रतिमा घेणं

स्कॅन पुन्हा करावा लागू नये, अशा बेताने करा. मूळ मापाला दर इंचाला ४०० बिंदू ही कामाची किमान पातळी, बारीक कोरीव कामाला ६०० बरे. ६० बाय ८० सेंटिमीटरचा नकाशा ४०० ला घेतला तर सुमारे ९,४५० बाय १२,६०० बिंदूंची प्रतिमा होते, म्हणजे बिनदाबाच्या (फाइल आवळून लहान न केलेल्या) टिफ स्वरूपात साडेतीनशे मेगाबाइटच्या पुढे. मूळ फाइल टिफच ठेवा. पाठवायला, दाखवायला तिची जेपेग प्रत काढा.

कागद रुळांतून ओढून घेणाऱ्या मोठ्या स्कॅनरमध्ये जुना नकाशा घालू नका. दुकानदार काही होत नाही म्हणेल, तरी नको. सपाट टेबलावर, वरून कॅमेरा लावून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे ठेवून घेतलेली प्रतिमा जास्त सुरक्षित. नकाशा मोठा असेल तर तुकड्यांत घ्या आणि शेजारच्या दोन तुकड्यांत निदान तिसरा हिस्सा सामाईक ठेवा. रंगपट्टी आणि मोजपट्टी चौकटीत हवीच. समास पूर्ण घ्या, मागची बाजूही घ्या.

तपासणी: फाइल शंभर टक्के मोठी करून चारही कोपऱ्यांतलं सगळ्यात बारीक अक्षर वाचा. एक जरी कोपरा पुसट असेल तर मूळ नकाशा टेबलावर असतानाच पुन्हा घ्या.

९. मूळ कागद आत

प्रतिमा नीट आली की मूळ नकाशाचं काम संपलं. पुढचं सगळं प्रतीवर करायचं.

नकाशा सपाट ठेवा, आम्लविरहित जाड कागदाच्या घडीत. सपाट ठेवणं शक्यच नसेल तर रुंद, आम्लविरहित नळीवर बाहेरून गुंडाळा आणि वरून कागदाचं वेष्टन द्या. अरुंद नळीत आत खुपसू नका. पारदर्शक पॉलिएस्टरचं पाकीट हाताळायला छान, पण खडूचा, पेन्सिलचा किंवा सुटणाऱ्या रंगाचा नकाशा त्यात घालू नका. स्थिर विजेने रंग फिल्मला चिकटतो. पीव्हीसीचं स्वस्त पाकीट कधीच नको.

आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास आणि शक्य तितकी स्थिर ठेवा. ६५ च्या वर ती टिकून राहिली की बुरशी धरते. समुद्रकाठच्या घरात हा आकडा सांभाळणं अवघड. तिथे बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नका, आर्द्रतामापक आत ठेवा, आणि नकाशा जमिनीपासून उंच ठेवा. भिंतीवर लावायचाच असेल तर स्कॅनची छापील प्रत लावा. मूळ प्रदर्शनात ठेवायचा झाला तर उजेड ५० लक्सच्या आत आणि काही आठवड्यांपुरता.

१०. आजच्या किनाऱ्याशी जुळवणं

क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि त्यात भू-संदर्भ देण्याची सोय आहे. जुन्या नकाशावरचा एक बिंदू आणि आजच्या जागेवरचा तोच बिंदू, अशा जोड्या द्यायच्या असतात. कोणत्या जोड्या निवडता यावर सगळं अवलंबून आहे.

घ्या: खडकाळ भूशिराचं टोक, जुनं देऊळ, मशीद किंवा चर्च, किल्ल्याचा बुरूज, दीपस्तंभ, न हललेला मोठा खडक. घेऊ नका: पुळणीचं टोक, खाडीचं मुख, वाळूचा दांडा, खारफुटीची कड. वाळू एका वादळात शेकडो मीटर सरकू शकते. किनारा किती हलला हे शोधायला निघालेल्या माणसाने किनाराच पक्का धरून जुळवणी केली, तर उत्तर कायम "हलला नाही" असंच येणार. अशा चुकीवर उभे राहिलेले धूप-अहवाल पाहिले की जीव हळहळतो, कारण त्यावरून कुणाची तरी घरं हलवायची की नाही हे ठरत असतं.

बिंदू बेटभर पसरलेले हवेत. सगळे धक्क्याच्या बाजूला गोळा झाले तर दुसरं टोक वाकडं जातं. आधी पहिल्या घाताचं साधं रूपांतर करा, म्हणजे नकाशा न वाकवता फक्त सरकवणं, फिरवणं, ताणणं. त्याला किमान तीन बिंदू लागतात, पण आठ-दहा तरी द्या, म्हणजे चूक दिसेल. दुसऱ्या घाताला किमान सहा आणि तिसऱ्याला दहा लागतात. वरच्या घाताचं रूपांतर चुकीचा आकडा कमी दाखवतं, पण बिंदूंच्या मधला भाग पिळून काढतं. थिन प्लेट स्प्लाइन ही पद्धत प्रत्येक बिंदू जागेवर आणून बसवते. त्यामुळे तिथे दिसणारी शून्य चूक काहीच सांगत नाही.

ताम्रपत्र्यावरचा नकाशा ओल्या कागदावर छापला जाई, आणि तो सुकताना उभा आणि आडवा वेगवेगळ्या प्रमाणात आकसे. टक्का-दोन टक्क्यांचा हा फरक सर्वेक्षकाच्या माथी मारू नका.

तपासणी: दोन-तीन पक्के बिंदू मुद्दाम बाहेर ठेवा. जुळवणी झाल्यावर ते किती मीटरने चुकले ते मोजा. ते ४० मीटरने चुकत असतील, तर २५ मीटर धूप झाली असं तुमच्या नकाशावरून म्हणता येत नाही. हा आकडा प्रत्येक निष्कर्षाशेजारी लिहा.

११. प्रत बेटावर न्या

मोठ्या कागदावर छापलेली प्रत बेटावरच्या जाणत्या माणसांपुढे पसरा, पेन्सिल त्यांच्या हातात द्या. वहीतला तिसरा रकाना इथे भरतो. मासेमारी करणारी माणसं खडकांची नावं सांगतील, पाणी भरणाऱ्या बायका बुजलेल्या विहिरीची जागा दाखवतील. "हे अमुक ठिकाण ना?" असं विचारू नका. समोरचा माणूस मान देऊन हो म्हणतो आणि तुमचा अंदाज पुरावा बनतो. "इथे काय होतं?" असं विचारा. दोन घरांतून वेगळी उत्तरं आली तर दोन्ही लिहा, कुणी सांगितलं ते त्यांच्या परवानगीने लिहा.

दफनभूमी, देवाची राखीव जागा, गोड्या पाण्याचा झरा अशा गोष्टी नकाशात सापडल्या, तर जुळवलेली प्रत ऑनलाइन टाकण्याआधी गावाला विचारा. गाव नको म्हणालं तर तेवढा भाग झाकून टाका किंवा कमी बारकाव्याची प्रत टाका, आणि फाइलच्या नोंदीत भाग झाकला आहे असं स्पष्ट लिहा. पूर्ण फाइलची एक प्रत गावाच्या शाळेत किंवा ग्रामसंस्थेत, वाचनीय नोंदीसह, पेन ड्राइव्हवर द्या. नोंदीत साल, खात्री किती, मापं कुठली, रेखावृत्त कुठलं, जुळवणीतली चूक किती मीटर आणि मूळ कागद कुठे आहे, एवढं असू द्या.